आयबस काढलं आणि डेस्कटॉपच गेला: उबंटू फॉरमॅट न मारता परत कसं आणायचं

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तुमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, जोतिबाच्या यात्रेची पत्रकं असलं काम. मशीनवर उबंटू २४.०४. मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटायला लागली, म्हणून कीबोर्डचं सगळं पहिल्यापासून घालावं असं ठरवून तुम्ही नावात आयबस (मराठी टायपिंगला लागणारं सॉफ्टवेअर) असलेलं झाडून सगळं पर्ज केलं, म्हणजे सेटिंगसकट काढलं, आणि वर ऑटोरिमूव्ह, म्हणजे आता लागत नाही ते आपोआप काढणारी आज्ञा, मारलं. आता मशीन सुरू केलं की काळा पडदा आणि त्यावर 'लॉगिन:' एवढंच. शेजारचा हार्डवेअरवाला म्हणतोय फॉरमॅट मारू. ऐन लग्नसराईत फायली आत अडकल्यात.

फॉरमॅट मारू नका. तुमच्या फायलींना धक्का लागलेला नाही, आणि डेस्कटॉप जेवणाच्या सुट्टीत परत येण्यासारखा आहे. त्यातला बराचसा वेळ डाउनलोडचाच. मात्र कालपासून इकडं तिकडं बघून आणखी आज्ञा मारत बसला असाल तर ते आधी थांबवा. अशा केसमध्ये मूळ घोटाळ्यानं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान नंतरच्या घबराटीत होतं. काय काय काढलं याची नोंद मशीननं तारीख-वेळेसह स्वतःच लिहून ठेवलीय. ती वाचायची आणि त्या वाटेनं उलटं यायचं.

एक सांगून ठेवतो: आज्ञा मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथं स्मॉल लेटर्समध्ये.

त्या काळ्या पडद्यावर नेहमीचं यूजरनेम आणि पासवर्ड घाला. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बंद पडलाय असं वाटतं. टाइप करत राहा आणि एंटर मारा. 'लॉगिन:' ऐवजी नुसता लुकलुकणारा कर्सर दिसत असेल तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन पण धरावं लागतं.

आत गेल्यावर पहिलं काम मनाच्या शांतीचं (डॉक्युमेंट्सचं पहिलं अक्षर कॅपिटल):

एलएस ~/डॉक्युमेंट्स

फायली दिसतील. मराठीत नावं दिलेल्या फोल्डरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हांची रांग दिसेल, आणि इथंच लोकांची छाती धडधडते. फायली बिघडलेल्या नाहीत. या मजकुरी पडद्याला देवनागरी दाखवताच येत नाही, एवढंच त्याचं कारण. मशीनची भाषा मराठी ठेवली असेल तर ॲप्टचे, म्हणजे पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) घालणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामचे, संदेशही असेच चौकोनी येतील; तेव्हा 'एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी' असं एकदा मारा (यात एलसी, ऑल आणि सी कॅपिटलमध्ये), म्हणजे संदेश इंग्रजीत वाचता येतात.

तांत्रिकदृष्ट्या गरज नसली तरी दुसऱ्याच्या पत्रिका आत आहेत म्हटल्यावर एक प्रत पेनड्राइव्हवर घ्याच. पेनड्राइव्ह लावा, 'एलएसबीएलके' मारून त्याचं नाव बघा (बहुधा एसडीबी१, आकार बघून खात्री करा), आणि मग:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी
सुडो टार -सीझेडएफ /एमएनटी/दुकान.टार.जीझेड /होम
सुडो यूमाउंट /एमएनटी

यूमाउंटचं स्पेलिंग यू-एम-ओ असं, मधे एन नाही. नुसतं कॉपी करण्याऐवजी टारमध्ये बांधायला सांगतोय त्याला कारण आहे. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीचा असला आणि हातानं माउंट केला तर मराठी फाइलनावं बिघडू शकतात. टारच्या पोटात ती जशीच्या तशी राहतात. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, तेव्हा डेटा जास्त असेल तर /होम ऐवजी कामाचं फोल्डर तेवढं बांधा.

आता नोंदवही.

लेस /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग

उघडल्यावर शिफ्ट+जी दाबलं की थेट शेवटी जाता. तिथं शेवटच्या व्यवहारांचे तुकडे दिसतील. प्रत्येकाच्या सुरुवातीला 'स्टार्ट-डेट', मग 'कमांडलाइन' म्हणजे तुम्ही नेमकं काय टाइप केलं होतं ते, मग कुणाच्या नावानं केलं ते, आणि मग 'पर्ज' किंवा 'रिमूव्ह' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ. त्या ओळीत पॅकेजचं नाव आणि कंसात त्याची आवृत्ती, असं एकामागून एक. तुमच्याकडं दोन तुकडे असणार, एक पर्जचा आणि एक ऑटोरिमूव्हचा. मधे महिना उलटला असेल तर जुनी नोंद 'हिस्टरी.लॉग.१.जीझेड' मध्ये गेलेली असते; ती 'झेडलेस'नं उघडते. क्यू दाबलं की बाहेर. हीच फाइल घरच्या फोल्डरात कॉपी करून ठेवा, पुढं लागणार आहे.

पर्जच्या ओळीत आयबसच्या जोडीला ग्नोम-शेल, जीडीएम३, उबंटू-डेस्कटॉप-मिनिमल ही नावं दिसली की घोळ कुठं झाला ते कळतं. आयबस म्हणजे मराठी टायपिंगपुरतं एक सुटं सॉफ्टवेअर, असं वाटणं साहजिक आहे. पण ग्नोमनं, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपनं, आयबस ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आपल्यात मुरवून घेतलंय. ग्नोम-शेल, म्हणजे वरची पट्टी, डॉक आणि खिडक्या सांभाळणारा तो मुख्य प्रोग्राम, सुरू होतानाच आयबसच्या लायब्ररीला हाक मारतो. त्या हाकेसाठी लागणारी फाइल 'जीआयआर१.२-आयबस-१.०' अशा आडनिड्या नावाच्या पॅकेजमध्ये असते. तुम्ही नावाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावून पर्ज मारलंत, म्हणजे नावात कुठंही आयबस असलेलं सगळं. त्यात हे बिचारं पॅकेजही सापडलं. ते गेलं म्हणून ग्नोम-शेल गेलं. लॉगिनचा पडदा दाखवणारा जीडीएम३ तो पडदासुद्धा ग्नोम-शेलच्याच जिवावर रंगवतो, म्हणून तो गेला. आणि उबंटू-डेस्कटॉप-मिनिमलला हे दोन्ही लागतात, म्हणून तेही गेलं.

ॲप्टनं यात काही आगळीक केली नाही. एखादं पॅकेज काढायला सांगितलं की त्याच्यावर सक्तीनं अवलंबून असलेलं सगळं काढणं त्याला भागच आहे, नाहीतर अर्धवट प्रोग्राम उरतील. त्यानं यादी दाखवली होती, वाय की एन विचारलं होतं. यादी पानभर लांब असली की कुणी वाचत नाही, हीच खरी अडचण. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलच्या लायनस सेबॅस्टियनचं हेच झालं. पॉप ओएस या उबंटूवर बेतलेल्या प्रणालीवर स्टीम हा गेमचा प्रोग्राम घालायला गेला, पॅकेजांच्या आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, ॲप्टनं डेस्कटॉप काढावा लागेल असं बजावलं, आणि 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य टाइप करून तो पुढं गेला. डेस्कटॉप गेला, तोही कॅमेऱ्यासमोर. त्यानंतर ॲप्टनं ते वाक्य टाइप करून पुढं सरकण्याची सोयच काढून टाकली. पण तो पहारा अत्यावश्यक म्हणून शिक्का मारलेल्या पॅकेजांपुरता. उबंटूवर ग्नोम-शेल काढायला साधा वाय पुरतो.

चांगली गोष्ट अशी की पर्ज झालं तरी ते /ईटीसी (सगळ्या मशीनच्या सेटिंगचं फोल्डर) मधल्या सेटिंगपुरतं. होम फोल्डरला पॅकेज मॅनेजर हात लावत नाही. म्हणजे तुमचा वॉलपेपर, शॉर्टकट, डॉकवरची चिन्हं, ब्राउझरचे पासवर्ड हे सगळं जिथल्या तिथं आहे. डेस्कटॉप परत आला की तसंच्या तसं दिसेल. हरवेल ते /ईटीसी मधलं, उदाहरणार्थ पासवर्ड न विचारता आपोआप लॉगिन होण्याचं सेटिंग. ते पुन्हा करावं लागेल.

आता इंटरनेट. दुरुस्तीत जास्तीत जास्त लोक अडकतात ते इथं. 'पिंग -सी ३ उबंटू.कॉम' मारून बघा. उत्तर आलं तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. राउटरपासून लॅनची वायर असेल तर ती लावा, वायफायच्या नादाला लागूच नका. वायर नसेल तर 'एनएमटीयूआय' मारा. नेटवर्कमॅनेजर (नेट जोडणारा प्रोग्राम) शाबूत असेल तर पडद्यावर मेन्यू येतो, त्यात वायफाय निवडून पासवर्ड घालता येतो.

'कमांड नॉट फाउंड' आलं तर नेटवर्कमॅनेजरही ऑटोरिमूव्हच्या तावडीत सापडलंय. तेव्हा अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनवर यूएसबी टिथरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. 'आयपी लिंक' मारलं की 'ईएनएक्स'नं सुरू होणारं किंवा 'यूएसबी०' असं नाव दिसेल. आता त्याला पत्ता मिळवून द्यायचा. मशीनच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सोबत नेटवर्कडी नावाची सेवा आलेलीच असते, ती इथं उपयोगी पडते. 'सुडो नॅनो /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/२०-फोन.नेटवर्क' अशी फाइल उघडा आणि चार ओळी लिहा: चौकटी कंसात मॅच, त्याखाली नेम=ईएन* (यूएसबी० असेल तर ते नाव), मग चौकटी कंसात नेटवर्क, त्याखाली डीएचसीपी=येस. मॅच, नेम आणि नेटवर्क यांचं पहिलं अक्षर कॅपिटल, डीएचसीपी सगळंच कॅपिटल. कंट्रोल+ओ, एंटर, कंट्रोल+एक्स. मग:

सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट सिस्टमडी-नेटवर्कडी

थोडं थांबून पुन्हा पिंग करा. डेस्कटॉप परत आल्यावर ही फाइल आठवणीनं पुसून टाका, नाहीतर एकाच जोडणीवर दोन सेवा हक्क सांगत बसतील आणि तुम्ही म्हणाल नेट अधूनमधून का जातंय.

नेट मिळालं की निम्मी लढाई संपली. क्रम मात्र असाच ठेवा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली आज्ञा अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लावते. वळवाच्या पावसात लाईट गेली आणि यूपीएस नसला की पॅकेज उलगडलं पण बसलं नाही अशी अवस्था होते, ती हीच. तुमच्याकडं बहुतेक काही न छापता ती परत येईल, आणि तेच हवंय. तिसरी आज्ञा तुटलेली अवलंबनं जुळवते. ती काही काढायचं म्हणत असेल तर एन म्हणा आणि यादी आधी वाचा. सध्या आपल्याला भर घालायचीय.

आता मुख्य काम, पण आधी कोरडी तालीम:

ॲप्ट -एस इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप-मिनिमल

-एस म्हणजे सिम्युलेट. खरं काही होत नाही, काय होईल ते दिसतं. लांब यादी सरकून जाईल, म्हणून शेवटी '| लेस' जोडा. त्यात 'विल बी रिमूव्हड' असा मथळा आहे का एवढंच शोधा. नसेल तर सुडो लावून, -एस काढून तीच आज्ञा मारा. काही शे एमबी उतरतील. फोनच्या डेटावर असाल तर त्या मानानं बघा. रंकाळ्यावर एक चक्कर मारून आलात तरी चालेल.

उबंटू-डेस्कटॉप-मिनिमल हे मेटापॅकेज आहे. वाण्याकडं दिलेल्या यादीसारखं: स्वतः रिकामं, पण त्यावर लिहिलेलं सगळं घरी आणतं. ते घातलं की ग्नोम-शेल, जीडीएम३, आयबस, नेटवर्कमॅनेजर हे सगळं एका झटक्यात परत येतं. २४.०४ बसवताना तुम्ही साधा पर्याय निवडला असेल तर मिनिमलच पुरतं. लिबरऑफिस वगैरे सगळं आधीपासून होतं तर उबंटू-डेस्कटॉप घाला, त्याच्या पोटात मिनिमल येतंच. '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय काही ठिकाणी सुचवलेला दिसेल. आत्ता तो नको. डेस्कटॉपचे अनेक उपयोगी भाग 'शिफारस' म्हणून जोडलेले असतात, आणि ते गाळले की प्रिंटर का दिसत नाही, आवाज का येत नाही, हे नंतर शोधत बसावं लागतं.

झालं की 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' मारा. उत्तर 'ग्राफिकल.टार्गेट' हवं. 'मल्टी-यूजर.टार्गेट' आलं तर 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट'. मग 'सुडो रीबूट'. लॉगिनचा पडदा दिसायला हवा. तुमच्याकडं दुसरा एखादा डेस्कटॉप, म्हणजे केडीई किंवा एक्सएफसीई, कधी घातलेला असेल तर लॉगिनसाठी कोण उभं राहणार यावर गोंधळ होऊ शकतो. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३' मारून जीडीएम३ निवडा.

डेस्कटॉप आला की मग ती कॉपी केलेली नोंद टेक्स्ट एडिटरमध्ये आरामात उघडा आणि पर्ज-रिमूव्हच्या ओळी नजरेखालून घाला. काळ्या पडद्यावर हे करत बसण्यात अर्थ नाही. इंकस्केप, स्कॅनरचा प्रोग्राम, एखादा प्रिंटर ड्रायव्हर असं तुम्ही स्वतः घातलेलं काही त्यात गेलं असेल तर तेवढीच नावं परत घाला. यादीतलं सगळं एकगठ्ठा कॉपी करून इन्स्टॉलला देऊ नका. 'लिब'नं सुरू होणारी ती पाच-पन्नास नावं मूळ प्रोग्राम घातले की आपोआप येतात. हातानं घातलीत तर ॲप्ट त्यांच्यावर 'मालकानं मागितलेलं' असा शिक्का मारतं, आणि मग ती कधीच आपोआप निघत नाहीत. दोन वर्षांनी उबंटूची पुढची आवृत्ती चढवताना हीच जुनी लिब पॅकेजं आडवी येतात.

आता वाटेत काय अडू शकतं ते. 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' हा संदेश आला तर त्याचा अर्थ कुणीतरी काही मुद्दाम रोखून धरलंय असा असतोच असं नाही. बहुतेक वेळा एखाद्या पीपीएनं, म्हणजे बाहेरच्या पॅकेज-साठ्यानं, एखादी लायब्ररी उबंटूच्या आवृत्तीपेक्षा नवी घातलेली असते, आणि डेस्कटॉपला नेमकी जुनीच हवी असते. 'ॲप्ट पॉलिसी' आणि त्यापुढं अडलेल्या पॅकेजचं नाव मारा. बसलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कुठून येते, तिन्ही दिसतं. बसलेली आवृत्ती कुठल्याच अधिकृत साठ्यात दिसत नसेल तर चोर सापडला. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीपीए-पर्ज' करून त्यानं तो पीपीए काढा. तो नुसता साठा बंद करत नाही, त्यातून आलेली पॅकेजं उबंटूच्या आवृत्तीवर परतही आणतो. वाइन आणि स्टीमवाल्यांना हा त्रास जास्त, कारण एकाच लायब्ररीचे ३२-बिट आणि ६४-बिट अवतार शेजारी नांदायचे तर दोन्हींची आवृत्ती अगदी तंतोतंत एक असावी लागते. एक पुढं सरकला की दुसरा अडतो, आणि ॲप्ट म्हणतं, मग डेस्कटॉपच काढतो.

'कुड नॉट गेट लॉक' आलं तर थांबा. उबंटू सुरू झाल्यावर सुरक्षेची अपडेट्स मागच्या मागं घालत असतं, तेव्हा ते कुलूप त्याच्याकडं असतं. कुलपाची फाइल उडवायचा सल्ला सगळीकडं मिळतो. मी तो कुणालाच देत नाही. चालू काम मधेच तोडून पॅकेजांची नोंदवही बिघडली तर मग मात्र खरंच फॉरमॅटची वेळ येते. तसंच '--फोर्स-ऑल', '--फोर्स-डिपेंड्स' असलं काही मारू नका, आणि उबंटूवर डेबियनचे साठे जोडून 'तिथून घेऊ' असा प्रयोगही नको. आगीतून फुफाट्यात.

मजकुरी लॉगिनसुद्धा येत नसेल तर: मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेन्यू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, रिकव्हरी मोड, मग रूट. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली असेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /'. पुढचं सगळं वरच्यासारखं. तेही जमलं नाही, तर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून 'ट्राय'मध्ये जायचं. तिथं वायफाय, ब्राउझर सगळं चालतं. डिस्कचं मूळ पार्टिशन /एमएनटी वर माउंट करायचं, /डेव्ह, /प्रॉक, /सिस, /रन हे चार 'माउंट --बाइंड'नं आत जोडायचे आणि 'सुडो सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही लाइव्हच्या इंटरनेटवर बसून आपल्याच उबंटूच्या आत आहात. नाव सोडवलं जात नसेल, म्हणजे अपडेट करताना पत्ते सापडत नसतील, तर /रन जोडलंय का ते पुन्हा बघा.

उबंटूखेरीज बाकीच्यांसाठी दोन शब्द. मिंटवर मेटापॅकेजचं नाव मिंट-मेटा-सिनॅमन. आणि मिंटवाल्यांनी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची त्या वेळची प्रत, चालू ठेवला असेल तर काळ्या पडद्यावरूनच 'सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर' मारून कालच्या तारखेला परत जाता येतं. फेडोरावर 'सुडो डीएनएफ हिस्टरी' मारायचं, चुकलेल्या व्यवहाराचा नंबर बघायचा आणि 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू' पुढं तो नंबर. इतकं सुटसुटीत २४.०४ च्या ॲप्टमध्ये नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तुम्हीही टाइमशिफ्ट घालून ठेवा, उबंटूच्या साठ्यात आहे. पण एक लक्षात घ्या: ते मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर धरत नाही आणि बहुधा त्याच डिस्कवर स्नॅपशॉट ठेवतं. डेस्कटॉप बिघडला तर उपयोगी, डिस्क गेली तर नाही. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या दुकानांतून बाहेर काढलेली सीपीयूची खोकी ज्यांनी बघितलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पत्रिकांची प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर हवी.

राहता राहिला मूळ प्रश्न, जोडाक्षरांचा. डेस्कटॉप आल्यावर मराठीचं राहिलेलं सामान असं घाला:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल $(चेक-लँग्वेज-सपोर्ट -एल एमआर)
सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन

पहिली आज्ञा मराठीसाठी जे जे कमी आहे त्याची यादी काढून तीच घालते; काहीच कमी नसेल तर गप्प राहते. लॉगआउट करून परत आत या, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट२ निवडा. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर मराठी कागप हा पर्याय बघा. तो आयबसच्या इंजिनावर अवलंबूनच नाही, साधा कीबोर्डचा आराखडा आहे. टायपिंग मधेच अडलं, भाषा बदलेना, तर काहीही काढायची गरज नाही. 'आयबस रीस्टार्ट' मारलं की बहुतेक वेळा सुटतं.

पण तुम्ही सांगताय त्यावरून मला आयबसचा दोष वाटतच नाही. आयबसचं काम कळेवरून अक्षर पोचवणं. क आणि ष एकत्र येऊन क्ष दिसणं हे फॉन्टचं आणि ज्या प्रोग्राममध्ये टाइप करताय त्याचं काम. तपासायला साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये 'श्री', 'क्षत्रिय', 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या' एवढं टाइप करा. तिथं नीट उमटलं आणि पत्रिकेच्या प्रोग्राममध्ये फुटलं, तर गडबड त्या प्रोग्रामची किंवा तिथं निवडलेल्या फॉन्टची. फॉन्ट बदलून नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी लावून बघा. तरी फुटत असेल आणि तुम्ही स्क्रायबस हा पानं मांडायचा प्रोग्राम वापरत असाल तर 'हेल्प'मध्ये आवृत्ती बघा. १.४ मालिकेत देवनागरीची जोडणी धड होत नव्हती, १.५ च्या मालिकेत मजकूर मांडणारं इंजिन बदललं, आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ते स्थिर झालं. जुन्या पत्रिकांचा साचा चालावा म्हणून कुणी १.४ ठेवून दिलं असेल तर जोडाक्षरं तिथंच फुटतायत. साच्याची एक प्रत १.६ मध्ये उघडून बघा. ओळी थोड्या सरकतील, त्या हातानं जुळवाव्या लागतील. मात्र एकदा १.६ मध्ये सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये परत उघडेल या भरवशावर राहू नका, म्हणून मूळ साचा तसाच बाजूला ठेवा.

टेक्स्ट एडिटरमध्येही फुटत असेल तर तुम्ही टाइप केलेली ओळ आणि वापरलेला कीबोर्डचा आराखडा, दोन्ही लिहून पाठवा.